तीन चैत्यांची खिंड : सयामच्या सीमेवरील एका तालुक्याचा इतिहास

इतिहासाचे ग्रंथ बहुधा राजधानींत बसून लिहिले जातात. आणि त्यामुळें राज्याच्या कडेवरील मुलखाकडे पाहण्याची त्यांची दृष्टि दारवानाची होते. येथून कोण आंत आला व कोण बाहेर गेला, एवढेंच तिला दिसतें. उंबऱ्यावरच ज्यांचा संसार आहे त्यांची तींत गणना होत नाहीं. प्रस्तुत लेखांत अशाच एका उंबऱ्याची हकीकत सांगावयाची आहे. ज्याला आतां थायलंड म्हणतात त्या सयाम देशाच्या पश्चिम टोकाला, ब्रह्मदेशाच्या सीमेला लागून, संखलाबुरी नांवाचा एक डोंगरी तालुका आहे. आपल्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं त्याचें नांव ऐकलें असेल. तरी हिंदुस्थानाशीं त्याचा संबंध एकदांच नव्हे, तर तीन वेळां आला आहे. आणि त्यांतला एक संबंध तर असा आहे कीं, त्याची आठवण आपण ठेविली नाहीं याची लाज वाटावी.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊं. संखलाबुरी हा कांचनाबुरी प्रांताचा वायव्येकडील भाग होय. ‘बुरी’ म्हणजे आपली ‘पुरी’. तेव्हां कांचनाबुरी म्हणजे कांचनपुरी हें संस्कृताची तोंडओळख असलेल्या वाचकासहि समजेल. तालुक्याचें क्षेत्रफळ सुमारें ३,३५० चौरस किलोमीटर आहे, परंतु त्याच्या पोटांत विभाग अवघे तीनच: नोंग लू, प्रांगफ्ले व लाय वो. यावरूनच वस्ती किती विरळ असेल याची कल्पना येईल. सर्वत्र चुनखडीचे डोंगर, बांबूचीं व सागवानाचीं रानें, आणि नैर्ऋत्येकडील मोसमी वारे थेट अंगावर घेणारा पावसाळा. सोंगकालिया, बिखली व रान्ती या तीन नद्या येथें एकमेकींस मिळतात व त्यांच्या संगमापासून क्वाए नोई, म्हणजे धाकटी क्वाए, ही नदी पुढें कांचनाबुरी शहराकडे वाहत जाते. संगमापासून थोडें वायव्येस गेलें कीं डोंगराची रांग एके ठिकाणीं खालीं वांकते. तीच ‘दान चेडी साम ओंग’, म्हणजे तीन चैत्यांची चौकी. ‘चेडी’ हा शब्द पाली ‘चेतिय’ यापासून आला आहे. आज तेथें ओळीनें उभे असलेले तीन पांढरे चैत्य लहानखुरे आहेत. पूर्वी तेथें केवळ दगडांच्या तीन राशी होत्या, वाटसरू घाट ओलांडतांना त्यांवर एकेक धोंडा ठेवीत, आणि १९२९ च्या सुमारास स्थानिक अधिपतीनें लोकांच्या हातून त्यांना चैत्यांचें रूप दिलें, असें सांगतात.

या खिंडीचें महत्त्व भूगोलानेंच ठरविलेलें आहे. ब्रह्मदेश व सयाम यांच्या दरम्यान उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगरी भिंतींत मोठें सैन्य हत्ती-घोड्यांसह उतरूं शकेल अशीं ठिकाणें मोजकींच आहेत. त्यांतलें हें एक मुख्य. १५४८ सालीं ब्रह्मी राजा तबिनश्वेहती याच मार्गानें सयामवर चालून आला. सयामची तेव्हांची राजधानी अयुथ्या. हें नांव आपल्या अयोध्येवरून घेतलेलें. त्या युद्धांत राणी सुरियोथाई ही हत्तीवर आरूढ होऊन पतीच्या रक्षणार्थ लढतांना पडली, ही कथा थाई लोकांच्या घरोघरीं माहीत आहे. १७६७ त ब्रह्मी फौजांनीं अयुथ्या जाळून बेचिराख केली. त्यानंतर अठरा वर्षांनीं, १७८५ त, बोदौपया राजानें नऊ फौजा निरनिराळ्या वाटांनीं सयामवर सोडल्या. थाई बखरींप्रमाणें त्यांची एकंदर संख्या १,४४,००० होती व मुख्य फौज स्वतः राजाच्या हाताखालीं याच खिंडींतून उतरली. सयामजवळ याच्या निम्म्यानेंच माणूस होतें. परंतु पहिल्या रामाच्या धाकट्या भावानें कांचनाबुरीजवळील लाट या येथें वाट अडवून धरली व मागून येणारी रसद कापली. उपासमार सुरू झाली आणि एवढी प्रचंड फौज आल्या वाटेनें परत गेली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ब्रह्मी सेनापतींनीं या पराभवापासून धडा घेतला. १७८६ च्या अखेरीस ब्रह्मी युवराज पुन्हां याच खिंडीनें आला, तेव्हां त्यानें पुढें धांवण्याची घाई केली नाहीं. था दिन देंग व साम सोप येथें त्यानें तटबंदीच्या छावण्या बांधल्या, धान्याचीं कोठारें भरलीं, ओढ्यांवर पूल घातले. साम सोप म्हणजे तोच तीन नद्यांचा संगम. म्हणजे संखलाबुरीचा मुलूख हा या वेळीं नुसता वाट न राहतां रणांगण झाला. पहिला राम स्वतः था दिन देंगवर चालून गेला, त्याचा भाऊ साम सोपवर गेला, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही छावण्या मोडून कोठारें जाळण्यांत आलीं. या मोहिमेवर राजानें ‘निरात’ या प्रकारचें काव्यहि रचलें आहे. निरात म्हणजे प्रवासांत असतां प्रियजनांच्या विरहानें केलेलें वर्णन. राज्य वांचविणाऱ्या राजानें लढाईच्या वाटेवर विरहगीत लिहावें, ही गोष्ट वाचकांस खचित गोड वाटेल. परंतु बखरींत किंवा काव्यांत ज्यांच्या कोठारांतून धान्य गेलें व ज्यांच्या खांद्यांवरून ओझीं गेलीं त्यांचा उल्लेख आपण शोधूं लागलों, तर हातीं फारसें कांहीं येत नाहीं.

ते लोक कोण होते? मुख्यतः दोन: करेन व मोन. करेन हे डोंगरांत राहणारे, रान जाळून फिरती शेती करणारे, वाटा-पाऊलवाटा जाणणारे. मोन हे खालच्या ब्रह्मदेशांतील प्राचीन व सुसंस्कृत राष्ट्र. बौद्ध धर्म व लिपि यांच्या बाबतींत ब्रह्मी व थाई हे दोघेहि त्यांचे ऋणी आहेत. १७५७ सालीं अलौंगपयानें पेगू घेतलें व मोनांचें राज्य बुडालें. तेव्हांपासून दर बंडानंतर व दर दडपशाहीनंतर मोन कुटुंबें या खिंडींतून सयामांत येत राहिलीं. सयामच्या राजांनीं त्यांस आश्रय दिला, तो केवळ दयेनें नव्हे. मनुष्यबळ हीच त्या काळची संपत्ति होती, आणि शत्रूची बातमी शत्रूपासून पळून आलेल्या माणसाइतकी चांगली कोण आणणार? म्हणून क्वाए नोईच्या कांठीं सात ठाणीं नेमून तेथें मोन व करेन अधिपति बसविण्यांत आले. संखला हें त्यांतलें सर्वांत पुढचें. तेथील करेन अधिपतीस ‘फ्रा श्री सुवर्णगिरि’ अशी पदवी असे. सैन्याचा माग काढणें, रानांतील उत्पन्न खंडणी म्हणून पोहोंचविणें, आणि खिंडीवर नजर ठेवणें, हीं त्याचीं कामें. १८१५ च्या सुमारास मोनांचा एक मोठा लोंढा आला, तेव्हां त्यांच्या स्वागतास दुसऱ्या रामानें आपला दहा-अकरा वर्षांचा मुलगा मोंगकुट यास कांचनाबुरीस पाठविलें. या मुलाचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

आतां हिंदुस्थानाचा पहिला संबंध येतो. १८२४ त ईस्ट इंडिया कंपनी व ब्रह्मदेश यांचें पहिलें युद्ध झालें, आणि फेब्रुवारी १८२६ च्या यांदाबोच्या तहानें तेनासरीमचा किनारा कंपनीच्या हातीं आला. त्या दिवसापासून खिंडीच्या पलीकडचा शेजारी ब्रह्मी राजा राहिला नाहीं, कलकत्त्याचें सरकार झालें. दोन शतकें फौजांच्या वाटेंत असलेलें संखला एकाएकीं शांत झालें. परंतु एक नवीन प्रश्न उपस्थित झाला. इंग्रज अंमलदार सयामी दरबारास विचारूं लागले कीं, तुमची सरहद्द नक्की कोठून जाते? दरबारास या प्रश्नाचाच अर्थ नीटसा कळेना. त्यांच्या समजुतीप्रमाणें सरहद्द म्हणजे रेघ नव्हती. ती म्हणजे आपला पहारेकरी जेथवर फिरतो तेथवरचें रान. मध्यें कोणाचेंच नसलेलें अरण्य असलें तर त्यांत वावगें काय? त्यांचें म्हणणें असें कीं, सीमेवरच्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना माहीत असेल. इंग्रजांस मात्र नकाशा हवा होता. अखेर पाहणी होऊन ८ फेब्रुवारी १८६८ रोजीं बँकॉक येथें करार झाला व हिंदुस्थान सरकारचा तेनासरीम प्रांत आणि सयाम यांमधील रेघ ठरली. ती या खिंडींतून गेली. त्या वेळीं सयामच्या गादीवर कोण होता? तोच मोंगकुट, ज्यानें लहानपणीं कांचनाबुरीस जाऊन मोन निर्वासितांचें स्वागत केलें होतें. एका माणसाच्या आयुष्यांत सीमेचा अर्थ पार बदलून गेला. पूर्वी सीमेवर माणूस आला म्हणजे राज्याची भर होई. आतां रेघ अगोदर आणि माणूस मागाहून, असा क्रम झाला. ब्रह्मदेश १९३७ त हिंदुस्थानापासून वेगळा होईपर्यंत तीन चैत्य हे हिंदी साम्राज्याच्या सरहद्दीचे दगड होते, ही गोष्ट आपल्या शाळांतील भूगोलांत कोणी शिकवीत नाहीं.

रेघ ठरल्यावर तिच्या आंतला कारभारहि रेखीव करणें प्राप्तच होतें. हें काम राजपुत्र दामरोंग यानें केलें. युरोपाची सफर आटोपून परततांना हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील इंग्रजी राज्ययंत्र पाहून तो आला, आणि १८९२ पासून १९१५ पर्यंत गृहमंत्री या नात्यानें त्यानें सयामची जुनी वतनदारी घडी मोडून नवी बसविली. देशाचे ‘मोंथोन’ म्हणजे मंडलें पाडण्यांत आलीं. कांचनाबुरी हें राचाबुरी मंडलांत पडलें. मंडलाखालीं प्रांत, प्रांताखालीं ‘अम्फो’ म्हणजे तालुका, त्याखालीं ‘ताम्बोन’ म्हणजे गांवांचा गट, आणि सर्वांत खालीं गांव. तालुक्याचा ‘नाय अम्फो’ वरून नेमला जाई. गांवचा मुखिया मात्र १८९७ च्या कायद्यानें गांवकऱ्यांनीं निवडावयाचा असे. संखलाच्या करेन अधिपतीस एकदम दूर न करतां त्यालाच आरंभीं तालुक्याचा अंमलदार करण्यांत आलें. ही तोड शहाणपणाची होती; पण तिचा परिणाम ओळखला पाहिजे. काल जो आपल्या लोकांच्या वतीनें राजाशीं बोलत होता, तो आज राजाच्या वतीनें आपल्या लोकांशीं बोलूं लागला. खंडणी गेली, डोईपट्टी आली. मौखिक ओळख गेली, नोंदवही आली. १९३३ त मंडलें मोडलीं, पण तालुक्याची चौकट आजतागायत तीच आहे. आणखी एक योगायोग असा कीं, १९१७ त ब्रह्मी-सयामी युद्धांचा प्रसिद्ध इतिहास लिहिणारा ग्रंथकारहि हाच दामरोंग. त्या ग्रंथानें ही खिंड थाई वाचकांच्या मनांत कायमची ‘शत्रूचें दार’ करून ठेविली.

आतां दुसरा संबंध. आणि तोच सर्वांत दुःखाचा. ८ डिसेंबर १९४१ रोजीं जपानी फौजा थायलंडांत उतरल्या व त्याच महिन्यांत दोन्ही सरकारांची दोस्ती झाली. ब्रह्मदेशांतील सैन्यास समुद्रमार्गें रसद पाठविणें धोक्याचें, म्हणून बानपोंगजवळून ब्रह्मदेशांतील थानब्यूझायातपर्यंत ४१५ किलोमीटर लोहमार्ग घालण्याचें जपान्यांनीं ठरविलें. १७८५ त बोदौपयाच्या फौजेचा ज्या खिंडींत रसदीवांचून घात झाला, तीच खिंड पुन्हां रसदीसाठीं निवडली गेली. काम १९४२ च्या मध्यांत सुरू झालें आणि १७ ऑक्टोबर १९४३ रोजीं दोन्ही टोकें कोनकोइता येथें, याच मुलखांत, एकत्र आलीं. या कामावर साठ हजारांहून अधिक दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी राबविण्यांत आले. त्यांपैकीं बारा हजारांहून अधिक मेले. १९४३ च्या एप्रिलांत सिंगापुराहून सुमारें सात हजार इंग्रज व ऑस्ट्रेलियन कैद्यांची एक तुकडी आगगाडीनें आणून पुढें सुमारें तीनशें किलोमीटर रात्रीं-रात्रीं पायीं चालवीत नीके, सोंगकुराई वगैरे छावण्यांत नेण्यांत आली. सोंगकुराई म्हणजे सोंगकालिया नदीचेंच जपानी तोंडीं झालेलें रूप. पावसाळा सुरू झाला, पटकी पसरली, आणि त्या एका तुकडीचीं तीन हजारांहून अधिक माणसें दगावलीं.

या कैद्यांची कहाणी पुस्तकांनीं व चित्रपटांनीं जगभर नेली आहे. कांचनाबुरी येथील दफनभूमींत सुमारें सात हजार थडगीं आहेत. प्रत्येकावर शक्य तेथें नांव, पलटण, वय कोरलेलें आहे. गवत कापलेलें व फुलें लावलेलीं असतात. हें योग्यच आहे. परंतु त्याच लोहमार्गावर याहून किती तरी अधिक आशियाई मजूर होते. त्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास धरतात व मृतांची नव्वद हजारांच्या घरांत. ‘धरतात’ हाच शब्द वापरावा लागतो, कारण त्यांची हजेरी कोणी नीट ठेविली नाहीं. त्यांत ब्रह्मी, मोन, मलायी व जावाचे लोक होते. आणि मलायांतील रबराच्या मळ्यांवरून आणलेले तामिळ मजूर हजारोंनीं होते. चांगला रोजगार व थोड्या दिवसांचा करार असें सांगून त्यांस नेलें. कांहींना सरळ पकडूनच नेलें. कैद्यांजवळ निदान स्वतःचे अधिकारी व डॉक्टर होते, शिस्त होती, पाणी उकळून पिण्याची ताकीद होती. मजुरांजवळ यांतलें कांहींच नव्हतें. कित्येकांबरोबर बायकामुलें होतीं. पटकी एका छावणींत शिरली कीं धडधाकट असतील ते रानांत पळत आणि उरलेले तेथेंच मरत. त्यांचीं थडगीं नाहींत. जपान्यांनीं कैद्यांची मोजदाद ठेविली, कारण ते सैनिक होते. मळेवाल्यांच्या वह्यांत मजुरांचीं नांवें असतील, पण मळा सुटल्यावर तीं वाहून गेलीं. ज्यास कोणतेंच सरकार आपला म्हणत नाहीं त्याचें मरणहि आंकड्याच्या अंदाजांत राहतें, हें येथें जितकें उघड दिसतें तितकें क्वचितच दुसरीकडे दिसेल. युद्धानंतर सीमेजवळचे रूळ उखडले गेले. आज गाडी नाम तोकपर्यंतच जाते, संखलापर्यंत नाहीं.

तिसरा संबंध समाधानाचा आहे. स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशांत यादवी माजली, तेव्हां १९४९ त येच्या मुलखांतील उत्तम नांवाचे एक मोन भिक्षु (जन्म १९१०) सीमा ओलांडून थायलंडांत आले. त्यांच्यामागें मोन कुटुंबें आलीं व संगमाजवळ वांगका गांव वसलें. भिक्षूंनीं तेथें विहार बांधला. आणि पुढें बुद्धगयेच्या महाबोधि मंदिराच्या धर्तीवर एक उंच चैत्य उभारला. आपल्या देशांतून गेलेली एक आकृति या रानांत अशी उभी आहे. परंतु गांवाच्या नशिबीं स्थैर्य नव्हतें. क्वाए नोईवर थोंग फा फूम येथें ९२ मीटर उंचीचें धरण बांधण्यांत आलें आणि १९८४ त पाणी चढूं लागलें. हें ३०० मेगावॅट विजेचें धरण पूर्वी खाओ लेम म्हणून ओळखलें जाई. २००१ पासून त्यास तेव्हांचे युवराज व आतांचे राजे वाजिरालोंगकोर्न यांचें नांव आहे. जुनें तालुक्याचें गांव, वांगका, विहार, लोहमार्गाच्या छावण्या, कोनकोइता, सारेंच पाण्याखालीं गेलें. तालुक्याचें ठाणें उंचावर हलविलें. मोनांना मात्र थाई नागरिकत्व नव्हतें. त्यांचें पुनर्वसन झालें तें विहाराच्या जमिनीवर, भिक्षूंनीं ती कुटुंबाकुटुंबांत वांटून दिली म्हणून. मग नदीच्या दोन कांठांवरील वस्त्या जोडण्यास लोकांनीं लांकडी पूल बांधला. थायलंडांतील सर्वांत लांब लांकडी पूल तो हाच. जुलै २०१३ च्या पुरांत त्याचा मधला भाग वाहून गेला, तेव्हां गांवकऱ्यांनीं शेजारीं बांबूचा तरता पूल थोड्याच दिवसांत घालून वाहतूक चालू केली. मूळ पूल २०१४ त दुरुस्त झाला. उत्तम भिक्षु २००६ त निवर्तले. उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं जुन्या विहाराच्या भिंती वर येतात आणि लोक होडींतून दर्शनास जातात.

धरणाखेरीज जंगलानेंहि या तालुक्याचें नांव राजधानीस ऐकविलें. पूर्वेकडील थुंग याय या विस्तीर्ण गवताळ पठारावर राजा नरेसुआननें छावणी दिली होती अशी दंतकथा आहे. एप्रिल १९७३ त एक लष्करी हेलिकॉप्टर कोसळलें व त्यांत या रानांतील चोरट्या शिकारीचें मांस सांपडलें. बड्या लोकांची ही शिकार उघडकीस येतांच विद्यार्थ्यांत जो क्षोभ उसळला, तो त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांतील उठावास व लष्करी सत्तेच्या पाडावास कारण झालेल्या गोष्टींपैकीं एक होता. १९७४ त रान अभयारण्य झालें, १९९१ त शेजारच्या हुआय खा खेंगसह जागतिक वारसा ठरलें. पण लाय वो विभागांतील करेन गांवें अभयारण्याहून किती तरी जुनीं. फिरतें शेत करणारा करेन आपल्याच डोंगरांत अतिक्रमक ठरला.

सीमेपलीकडील लढाया तर थांबल्याच नाहींत. १९८८ त खिंडींतील जकातीवरून करेन व मोन बंडखोर आपसांतच लढले. १९९० त ब्रह्मी फौजेनें खिंडीचा पलीकडचा बाजार काबीज केला. १९९५ त मोन पक्षानें शस्त्रसंधि केला. आणि १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर पुन्हां माणसें डोंगर उतरूं लागलीं. प्रत्येक वेळीं तालुक्याच्या कचेरींत तोच प्रश्न: हा माणूस कोणाचा? १९७२ च्या एका लष्करी फर्मानानें परकी आईबापांच्या थायलंडांत जन्मलेल्या मुलांचेंहि नागरिकत्व काढून घेतलें. तें परत मिळण्याची वाट पुढें २००८ च्या दुरुस्तीनें बरीच मोकळी झाली. ऑक्टोबर २०२४ त थाई मंत्रिमंडळानें देशांत दीर्घकाळ राहिलेल्या सुमारें ४,८०,००० नोंदणीकृत पण नागरिकत्वहीन लोकांचा प्रश्न त्वरेनें सोडविण्याचा ठराव केला. त्यांत मोन-करेन घरांतले वृद्धहि येतात.

या साऱ्या हकीकतींतून काय निष्पन्न होतें? राज्यास सीमेचें रक्षण करणें भाग आहे, धरणें बांधणें भाग आहे, रानें राखणेंहि भाग आहे. हें कोणी नाकारणार नाहीं. दामरोंगानें नोंदवही आणली ती वाईट केली असेंहि नाहीं. ज्यांचीं नांवें कोठल्याच वहींत नव्हतीं त्या तामिळ मजुरांचें काय झालें, हें आपण पाहिलें. तेव्हां नोंद होणें हेंच दुबळ्याचें पहिलें रक्षण आहे. दोष आहे तो वहीच्या वरच्या पानावर रेघ आणि खालच्या पानावर माणूस अशी जी उलट मांडणी झाली तिचा. मोंगकुट लहानपणीं जें करण्यास कांचनाबुरीस गेला होता, म्हणजे येणाऱ्या माणसास प्रथम मोजून आपलें म्हणणें, तें आज तालुक्याच्या कचेरींत एखाद्या म्हाताऱ्या मोन बाईच्या हातीं ओळखपत्र देणाऱ्या कारकुनास पुन्हां करावयाचें आहे. लोहमार्गावरील आपल्या माणसांचीं नांवें मात्र आतां कोणाकडूनहि लिहून होणार नाहींत. निदान तीं लिहिलीं गेलीं नाहींत, एवढी नोंद तरी आपल्या इतिहासांत असावी.